दोघांनी मिळून शोधायचा खजिना

वसई-विरारच्या महिला बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतो आहोत. आम्ही केंद्रावर आलो की तुम्हाला वाटतं, आता पासबुक, हप्ता, अंतर्गत कर्ज आणि व्याज. आज तेही आहे, पण शेवटी आणि थोडंच. आज सिनेमाबद्दल बोलायचं आहे. कुठला सिनेमा? ज्यात एक बाई आणि एक बाप्या खजिन्याच्या मागे धावतात, वाटेत कडाकडा भांडतात, चिखलात पडतात, आपल्याला पोट धरून हसवतात आणि शेवटी एकमेकांना आवडायला लागतात, तो.

हा विषय निघाला गटाच्या बैठकीत. गेल्या पावसाळ्यात आम्ही ठरवलं की महिन्याचा हिशेब संपला की एखाद्या ताईच्या घरी टीव्हीवर सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा. लगेच दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, बोध देणारा दाखवा. आमच्यातल्या एक मावशी अर्नाळ्याला सुकी मासळी विकतात. त्या म्हणाल्या, "बोध आमाला रोजच मिळतो, विरार लोकलमध्ये उभ्यानं जाताना. आमाला हसवा." मग मतं घेतली आणि मावशी जिंकल्या. पहिल्या महिन्यात 'नवरा माझा नवसाचा' बघितला, दुसऱ्या महिन्यात 'टोटल धमाल', तिसऱ्या महिन्यात हिंदीत बोलणारा इंग्रजी 'द ममी'. एरवी भाकरी थापायच्यात म्हणून सहीसाठी पाच मिनिटं टेकणाऱ्या बायका शेवटपर्यंत बसल्या. असं काय आहे या सिनेमांत, हा प्रश्न आम्हाला तिथेच पडला.

या सगळ्या सिनेमांची मांडणी जवळपास सारखी असते. एक बाई घरात, पुस्तकांत किंवा कामात अडकलेली असते. अचानक एक निरोप येतो, नकाशा हाती लागतो, नाहीतर कुणीतरी संकटात सापडतं. तिला घराबाहेर पडावंच लागतं. वाटेत भेटणारा माणूस तिला अजिबात न आवडणारा. चपला तुटतात, बॅग हरवते, पैसे संपतात. दोघांना एकमेकांवाचून पुढे जाता येत नाही. शेवटी खजिना सापडतो, आणि पुष्कळदा सापडून हातचा जातोही.

या प्रकारातला गाजलेला इंग्रजी सिनेमा 1984 सालचा, 'रोमान्सिंग द स्टोन'. त्यातली जोन वाइल्डर प्रेमकथा लिहिणारी लेखिका आहे. स्वतः मात्र मांजरीला जेवू घालून एकटी राहते. बहिणीला गुंडांनी पळवलं म्हणून ती नकाशा घेऊन थेट कोलंबियाच्या जंगलात जाते. तिथे तिला जॅक भेटतो आणि पाचूच्या शोधाची धमाल सुरू होते. त्याचा शेवट मुद्दाम सांगण्यासारखा आहे. खलनायक जोनवर चालून येतो तेव्हा जॅक तिला वाचवायला भिंत चढत असतो. तो पोचेपर्यंत ही एकटीच त्या माणसाशी झुंजते आणि त्याचा निकाल लावते. चाळीस वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे हा.

ही गोष्ट लिहिली कुणी? डायन थॉमस नावाच्या बाईने. ती कॅलिफोर्नियात मालिबूला एका हॉटेलात वेट्रेस होती. लोकांच्या टेबलावर ताटं मांडायची, उरलेल्या वेळात लिहायची. मायकल डग्लस या नटाने तिची पटकथा घेतली, तोच निर्माता झाला आणि जॅकचं कामही त्यानेच केलं. सिनेमा खूप चालला. पण तो येऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, 1985 च्या ऑक्टोबरात, डायन मोटार अपघातात गेली. वय 39. आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या दोघी जणी एकदम गप्प झाल्या. मग एक म्हणाली, "म्हणजे ताटं मांडणारीनेच लिहिलं म्हणायचं हे." घराबाहेर पडलेली बाई कशी चालेल, कुठे ठेचकाळेल आणि कधी हसेल, हे तिला का कळलं असेल, ते आमच्या बायकांना वेगळं समजवावं लागलं नाही.

पुढे 1999 साली 'द ममी' आला. त्यातली एव्हलिन कैरोच्या ग्रंथालयात काम करते. पहिल्याच प्रसंगात ती शिडीवरून अशी घसरते की पुस्तकांची सगळी कपाटं एकामागून एक आडवी होतात. पण प्राचीन लिपी वाचता येते ती तिलाच. बंदूकवाला नायक सोबत आहे, तरी वाट तिच्या वाचण्यावर अवलंबून. आणि 2022 सालच्या 'द लॉस्ट सिटी'मध्ये सँड्रा बुलक नवरा गेल्यावर घरात कोंडून घेतलेली लेखिका झाली आहे. तिच्याबरोबरचा नायक दिसायला देखणा, पण पाण्यात शिरायला घाबरणारा. सगळे ज्या मुकुटामागे लागलेले असतात तो शेवटी निघतो लाल शिंपल्यांचा, राजाने राणीसाठी गोळा केलेल्या. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका यावर खूप हसल्या. शिंपल्या तर आपल्याकडे पायाखाली पडलेल्या असतात!

आता आपल्याकडचं बघू. सचिन पिळगांवकरांचा 'नवरा माझा नवसाचा' 2004 चा. त्यात खजिना नाही, नवस आहे. पण रचना तीच. नवऱ्याला गणपतीपुळ्याला न्यायचंच हा हट्ट बायकोचा. एसटीचा लाल डबा, अशोक सराफांचा कंडक्टर, चोर-पोलिसांचा घोळ आणि त्यात अडकलेलं नवराबायकोचं भांडण. 2024 साली त्याचा दुसरा भाग आला, या वेळी प्रवास रेल्वेने. वीस वर्षांनी पुन्हा तीच वाट धरावीशी वाटली, यावरून लोकांना ती किती आवडली होती ते कळतं.

'धमाल' आणि 'टोटल धमाल' एकापाठोपाठ बघितले तर गंमत लक्षात येते. 2007 च्या 'धमाल'मध्ये गोव्याच्या एका बागेत मोठ्या 'डब्ल्यू'खाली पुरलेल्या दहा कोटींमागे पळणारे सगळे बाप्ये. 2019 च्या 'टोटल धमाल'मध्ये त्या पळापळीत माधुरी दीक्षित आणि अनिल कपूर आले, तेही घटस्फोटाच्या दारात उभं असलेलं जोडपं म्हणून. बैठकीत विचारलं, कुठला जास्त आवडला? हात वर झाले ते दुसऱ्यासाठी. का, तर "त्यात ती गाडीत बसून भांडते." रागावून घरी बसत नाही, गाडीत बसून भांडते! आम्हाला हे उत्तर फार आवडलं.

आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत नवराबायको एकमेकांना भेटतात तरी किती? तो पहाटेची लोकल पकडतो. ती पाणी, शाळा, डबे आणि शिलाई यांत. रात्री दोघंही थकलेली. एकत्र कुठे जायचं तर लग्न, बारसं किंवा दवाखाना. या सिनेमांत दोघांना एकच काम मिळतं, एकच नकाशा मिळतो, आणि चुकलं की दोष देण्यासाठी दोघंच असतात. प्रेमाची भाषणं कुणी करत नाही. "तू धर, मी ओढते" एवढ्यावर प्रेम होतं. आमच्या गटातली एक ताई दादरच्या बाजारात फुलं नेते. तिचा नवरा सुट्टीच्या दिवशी एकदा टोपली उचलायला बरोबर गेला आणि गर्दीत दोघांची चुकामूक झाली. त्यावरून घरी आठवडाभर भांडण झालं आणि आता तो महिन्यातून दोनदा जातो. "आमचा पण पिच्चरच आहे," असं ती म्हणते.

खजिन्याच्या गोष्टी वसईला नव्या नाहीत. 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. तिथल्या चर्चच्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून दूरवर गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळात टांगलेली घंटा इथलीच, तिच्यावर 1721 साल कोरलेलं आहे. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. आमच्या गटात ख्रिस्ती बहिणी आहेत, हिंदू आहेत, आदिवासी आहेत. या घंटांची गोष्ट प्रत्येकीच्या घरी वेगळी सांगितली जाते, आणि ती एकत्र बसून ऐकायला आम्हाला आवडतं. त्याच किल्ल्यात आता शूटिंग चालतात. 2016 साली आलेल्या कोल्डप्ले या परदेशी बँडच्या गाण्यातही आपला किल्ला दिसला होता.

मैत्रिणींनो, आता गंभीर बोलायचं आहे. जिथे जुने दगड आहेत तिथे गुप्तधनाच्या अफवाही आहेत. 'टोटल धमाल' बघून झाल्यावर सगळ्या हसत होत्या, एक ताई मात्र गप्प होती. तिने त्या महिन्यात घरदुरुस्तीसाठी गटाकडे 25,000 रुपयांचं कर्ज मागितलं होतं. सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "खरं सांगू का? घर दुरुस्त नाही करायचं. खणायचंय." एक माणूस तिच्याकडे येत होता. घराच्या मागे हंडा आहे, आपल्याला दिसतो, असं सांगत होता. आपण पायाळू आहोत म्हणून दिसतो, म्हणे. पूजेचे 5,000 त्याने आधीच नेले होते. आता आणखी वीस हजार आणि पूजेत ठेवायला मंगळसूत्र हवं होतं. एकच अट होती. नवऱ्याला सांगायचं नाही आणि गटात बोलायचं नाही, नाहीतर हंडा सरकेल. तिचा नवरा रात्रपाळीचा वॉचमन. त्याला काहीच माहीत नव्हतं. हे सगळं आम्ही तिच्या परवानगीने सांगतो आहोत.

पुढच्या वेळी तो माणूस आला तेव्हा घरात ताई होती, तिचा नवरा होता आणि गटातल्या आम्ही नऊ जणी होतो. तो चहासुद्धा न घेता गेला. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. ते पाच हजार अजून मिळालेले नाहीत. मंगळसूत्र तिच्या गळ्यात आहे. नवरा आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. पैसे गेले याहून आपल्यापासून लपवलं याचं त्याला जास्त लागलं होतं. आता दोघं मिळून हप्त्याच्या वहीवर सही करतात.

या सिनेमांतला खजिना आणि या भोंदूचा खजिना यांतला फरक आम्हाला तिथे नीट कळला. सिनेमात नकाशा दोघांच्या हातात असतो. भोंदू पहिली गोष्ट करतो ती बाईला एकटं पाडण्याची. 'तुंबाड' हा 2018 चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी बघितला असेल. त्यात वाड्यातलं धनाचं गुपित बापाकडून मुलाकडे जातं, आणि बरोबर हाव जाते. तो बघताना कुणाला हसू येत नाही, अंगावर काटा येतो.

म्हणून कायद्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. गुप्तधन काढून देतो म्हणून अघोरी प्रकार करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. दुसरी, इंग्रजांच्या काळापासून, 1878 पासून, गुप्तनिधीचा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणजे खरोखर हंडा निघाला तरी तो गुपचूप घरात ठेवता येत नाही. आणि किल्ला तर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथे कुदळ मारायचा विचारही नको. कुणी धमकावत असेल तर 112 लावा, आणि त्याआधी शेजारणीला हाक मारा.

आता काही जणी म्हणतील, मग असले सिनेमे बघूच नयेत का? आमचं म्हणणं, जरूर बघावेत, आणि एकटीने मोबाइलवर बघण्यापेक्षा चारचौघींत बघावेत. शक्य असेल तर घरच्या माणसालाही बसवावं. आम्ही आता सिनेमा संपला की तीन प्रश्न विचारतो. यात ती घराबाहेर का पडली? वाटेत कुणावर विश्वास ठेवला आणि कशावरून? खजिना हाती आल्यावर त्याचं काय केलं? तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त बोलणं होतं. 'रोमान्सिंग द स्टोन'मध्ये पाचू मगर गिळते. 'ममी'त सगळं शहर वाळूत जातं, तरी उंटावरच्या पिशव्यांत थोडं सोनं उरतं. मासळीवाल्या मावशींचं मत असं, की थोडं उरलं पाहिजे. "फुकट कशाला पळायचं?" आम्हालाही ते पटतं. गरिबाला पैशाचा मोह नसावा असं शिकवणाऱ्या गोष्टी बहुतेक पोट भरलेल्यांनी लिहिलेल्या असतात. कष्टाला काही फळ मिळावं, वाटेत कुणाची सोबत मिळावी आणि पोटभर हसायला मिळावं, एवढंच आपण या सिनेमांकडे मागतो. म्हणून ते चाळीस वर्षांत जुने झाले नाहीत.

ज्या गटांना असा कार्यक्रम करायचा असेल त्यांनी हिशेबाची बैठक आधी पूर्ण करावी. वही बंद झाल्याशिवाय टीव्ही लावू नये. सिनेमा अडीच तासांचा असेल तर दोन बैठकांत बघा, पोरांच्या जेवणाची वेळ सांभाळा. पाऊस उघडला की आमचे गट वसईच्या किल्ल्यात एक दिवसाची सहल काढणार आहेत. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि सुकेळी ज्याची त्याने आणायची. या वेळी नवऱ्यांनाही आमंत्रण आहे. नकाशा आम्ही काढून देऊ, वाट जोडीने शोधायची.