कासरा नसलेली गाडी



बर्फावरील जनावरांच्या शर्यती म्हटले की जनावराच्या पाठीवर बसून उतारावरून घसरत जाण्याचा खेळ मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तसा खेळ माझ्या वाचनात कोठे आलेला नाही. तिकडे जनावर जुंपतात ते बहुधा ओढण्यासाठी. स्वित्झर्लंडात सेंट मॉरिट्झ येथे पायांत स्की बांधलेली माणसे मोकळ्या घोड्यांमागे दोर धरून धावतात. १९२८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा प्रकार प्रदर्शनापुरता झालाही. पण मला आज बोलावयाचे आहे ते कुत्र्यांच्या घसरगाडीविषयी.

आपल्या बैलगाडीत बैलाला वेसण असते, गाडीवानाच्या हाती कासरा असतो. या गाडीत यांपैकी काही नाही. जोडीजोडीने जुंपलेल्या कुत्र्यांना उजवेडावे वळावयास सांगावयाचे ते केवळ तोंडाने. ती हाक ऐकावयाची सर्वांत पुढच्या कुत्र्याने. त्याला तिकडे पुढारीच म्हणतात. (आपल्याकडच्या पुढाऱ्यांशी तुलना मी करीत नाही!) मात्र पुढे बर्फ कच्चा असेल, तर हाक मोडून थांबण्याची अक्कल त्याच्यापाशी असावी लागते.

जानेवारी १९२५ मध्ये अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम या गावी घटसर्पाची साथ आली. मुले दगावू लागली. डॉक्टर वेल्च यांच्याजवळचे प्रतिविष जुने झालेले. समुद्र गोठल्यामुळे बोटी बंद. अँकरेजहून औषध आगगाडीने नेनाना येथवर आले. तेथून नोम ६७४ मैल. थंडी शून्याखाली पन्नास फॅरनहाइटपर्यंत उतरलेली. वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने ते पुडके साडेपाच दिवसांत पोहोचविले. २ फेब्रुवारीला पहाटे गुन्नार कासेन याची गाडी नोममध्ये शिरली. पुढारी होता बाल्टो.

कासेनची कामगिरी थोडी नव्हे. वादळात गाडी उलटली, औषध बर्फात पडले, ते त्याने उघड्या हातांनी चाचपून काढले. वर्तमानपत्रांनी बाल्टोला डोक्यावर घेतले आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला.

आता हिशेब पाहा. लेओनार्ड सेप्पाला हा नोमहून औषध आणावयास उलट दिशेने सुमारे १७० मैल गेला आणि ते घेऊन ९१ मैल परतला. वाटेत नॉर्टन उपसागराचा बर्फ त्याने वाऱ्याच्या तोंडी ओलांडला. त्याचा पुढारी टोगो तेव्हा बारा वर्षांचा, म्हणजे कुत्र्याच्या मानाने म्हातारा. गंमत अशी की बाल्टोही सेप्पालाच्याच तांड्यातला. त्याला सेप्पालाने मागे ठेवले होते. पुतळ्याची सल सेप्पालाला जन्मभर राहिली, आणि मला ती रास्त वाटते. १९३२ साली लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये या गाड्यांची प्रदर्शनीय शर्यत झाली, तीत तो दुसरा आला.

बाल्टोचेही पुढे धड झाले नाही. तो लॉस एंजेलिसला एका हलक्या प्रदर्शनात बांधला गेला. १९२७ मध्ये क्लीव्हलँडच्या लोकांनी, शाळकरी मुलांनीसुद्धा, वर्गणी काढून त्याला सोडविले. टोगोचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहावयास २००१ साल उजाडले.

हे झाले कुत्र्यांचे. त्या वीसांतले बरेच गाडीवान अलास्काचे मूळ रहिवासी होते; त्यांच्याकडे बातमीदार फिरकले नाहीत. त्यांपैकी एक, एडगर नोलनर, १९९९ पर्यंत जगला. विसाव्या वर्षी त्याने ते पुडके २४ मैल नेले आणि पुढच्या गाडीवानाच्या हाती दिले.