हेन्री फॉसेट : मत नसलेल्यांचा प्रतिनिधी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश पार्लमेंटपुढे हिंदुस्थानचा जमाखर्च येई तो बहुधा अधिवेशन संपत आल्यावर, बहुतेक सभासद शिकारीला किंवा समुद्रकिनाऱ्यावर निघून गेल्यावर. आणि अशा ओस पडलेल्या सभागृहात एक उंच, धिप्पाड, परंतु दोन्ही डोळ्यांनी अंध असलेले गृहस्थ उभे राहून, हाती कागदाचा कपटाही नसताना, त्या हिशेबातील एकेका रकमेचा जाब सरकारला मुखोद्गत आकड्यांनिशी विचारीत. ते हेन्री फॉसेट.

सॅलिसबरी येथील एका व्यापाऱ्याचे हे चिरंजीव १८५६ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सातवे आले. पुढे वकिली करावी आणि पार्लमेंटात जावे असा त्यांचा मनोदय होता. परंतु १८५८ च्या सप्टेंबरात तित्तिरांच्या शिकारीस गेले असता वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे डोळ्यांत शिरून, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांची दृष्टी कायमची गेली. आयुष्याचा आखलेला बेत यामुळे बदलावयाचा नाही, असा निश्चय त्यांनी तत्क्षणीच केला. वकिलीचा मार्ग तेवढा सुटला; १८६३ मध्ये ते केंब्रिज येथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८६५ मध्ये ब्रायटनतर्फे पार्लमेंटात निवडून आले.

१८६७ साली तुर्कस्तानचे सुलतान लंडनला आले असता त्यांच्या सन्मानार्थ जो थाटाचा समारंभ झाला, त्याचा खर्च हिंदुस्थानच्या खजिन्यावर टाकण्यात आला. यजमानपण इंग्लंडचे आणि भुर्दंड मात्र इथल्या रयतेला, हा अन्याय फॉसेट यांनी चव्हाट्यावर मांडला. आणि अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेवर गेलेल्या हिंदी फौजेच्या पगाराचा बोजा हिंदुस्थानच्याच माथी मारण्यालाही त्यांनी विरोध केला. ‘हिंदुस्थानचे सभासद’ हे नाव त्यांना अशाने पडले. १८७४ मध्ये ब्रायटनला त्यांचा पराभव झाला तेव्हा, ज्यांना त्या निवडणुकीत मत नव्हते त्या हिंदी लोकांनी त्यांच्या निवडणूक खर्चासाठी वर्गणी जमविली, आणि त्याच वर्षी ते हॅकनीतून पुनश्च निवडून आले.

त्यांचा प्रपंचही सुखाचा होता. १८६७ साली त्यांनी मिलिसेंट गॅरेट यांच्याशी विवाह केला. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या धुरीण म्हणून विख्यात झालेल्या या बाई पतीला कागदपत्रे वाचून दाखवीत आणि त्यांचा मजकूर लिहून घेत. थंडीत पाणी गोठले की फॉसेट बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ खेळत. त्यांची कन्या फिलिपा पुढे राहून शीळ घाली आणि त्या शिळेच्या अनुरोधाने ते वेगाने जात. याच कन्येने १८९० साली केंब्रिजच्या गणितात पहिल्या आलेल्या पुरुषावरही ताण केली. ते पाहावयास वडील मात्र उरले नव्हते.

१८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना टपाल खात्याचे प्रमुख नेमले. एक शिलिंग एकदम बाजूला टाकणे ज्याला जड जाई अशा मजुराने एकेका पेनीची बारा तिकिटे कागदावर सवडीने चिकटवून तो कागद टपालकचेरीत दिला की त्याचे बचतखाते उघडे, ही सोय त्यांच्या कारकिर्दीतली. पार्सलांचे टपालही १८८३ मध्ये त्यांनीच सुरू केले. १८८४ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची सूचना आली असता, पक्षाचा हुकूम विरोधी मत देण्याचा असूनही, ते अधिकारपदाची तमा न बाळगता तटस्थ राहिले.

ते हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते नव्हते. इंग्रजांचे राज्य राहावे, पण ते न्यायाने व काटकसरीने चालावे, एवढेच त्यांचे म्हणणे. कारखान्यांतील स्त्रियांचे कामाचे तास कायद्याने ठरविण्यासही, खुल्या स्पर्धेच्या तत्त्वावरील निष्ठेमुळे, त्यांचा विरोध होता. या मर्यादा मान्य करूनही, एकोणीस वर्षे सभासद राहून, ६ नोव्हेंबर १८८४ रोजी वयाच्या एकावन्नाव्या वर्षी निवर्तलेल्या या पुरुषाचे एक ऋण आपल्यावर आहे. प्रतिनिधी हा केवळ आपल्या मतदारांचा मुखत्यार नव्हे. ज्याचा पैसा खर्ची पडतो पण ज्याला विचारले जात नाही, त्याच्या वतीने हिशेब मागणे हेही त्याचे कर्तव्य होय. आज आपले प्रतिनिधी आपणच निवडतो. तेव्हा ते हा हिशेब मागतात की नाही, यावर डोळा ठेवण्याची जबाबदारी, श्रोतेहो, आता आपली आहे.