करकंबाडीचा बॅटरी कारखाना आणि रामचंद्र गल्ला
(झरी, जि. परभणी येथील भाषणाचा मजकूर)



झरीच्या पंचक्रोशीतून तिरुपतीस जाणाऱ्या यात्रेकरूंना रेणिगुंटा हे स्थानक परिचित आहे. त्याच परिसरातील करकंबाडी या खेड्यात रामचंद्र गल्ला यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या ‘अमर राजा’ कंपनीचा बॅटरी कारखाना उभा राहिला.

गल्ला यांचा जन्म चित्तूर जिल्ह्यातील पेटमिट्टा या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले व वीजकेंद्रांचे आराखडे करणाऱ्या संस्थेत त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली. ती सोडून परतल्यावर मद्रास किंवा हैदराबाद सोयीचे ठरले असते. परंतु ग्रामीण तरुणांना घराजवळ काम मिळावे म्हणून त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील खेडे पसंत केले. झरीतील मुलगा बारावी होताच पुण्याची वाट धरतो, हे पाहणाऱ्यांना या निवडीचे मोल वेगळे सांगावयास नको.

त्यांनी निवडलेला मालही विचारपूर्वक निवडलेला होता. साध्या बॅटरीतील पाणी वायुरूपाने उडून जाते व ऊर्ध्वपातित पाणी वारंवार भरावे लागते. नव्या बंदिस्त बॅटरीत प्राणवायू आतल्या आत पुन्हा पाण्यात परिणत होतो. दूरध्वनी केंद्रे व रेल्वे यांना अशी बॅटरी हवीच होती. १९९७ मध्ये अमेरिकेतील जॉन्सन कंट्रोल्सशी भागीदारी झाली आणि २००० मध्ये मोटारींसाठी ‘अमरॉन’ बाजारात आली. २०२१ मध्ये गल्ला यांनी अध्यक्षपद चिरंजीव जयदेव यांच्याकडे सोपविले.

तथापि या व्यवसायाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बॅटरीचा मुख्य घटक शिसे. ते रक्तात भिनल्यास विशेषतः बालकांच्या मेंदूस इजा पोहोचते. एप्रिल २०२१ मध्ये आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाने याच कारणावरून कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. कंपनीने त्यास आव्हान दिले व उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. हजारो हातांना काम देणाऱ्या कारखान्यासही हा प्रश्न चुकला नाही.

कारखाना गावात नसला, तरी शिसे गावात येतेच. ट्रॅक्टरची निकामी बॅटरी कोठे जाते? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करणे उत्पादकावर बंधनकारक आहे. तेव्हा ती भंगारवाल्याकडून ओढ्याकाठी फोडली जाऊ नये, आम्ल विहिरीत उतरू नये, याची चौकशी ग्रामपंचायतीने गावातील गॅरेजपासूनच सुरू करावी.