श्रमदानाच्या पुढचे पाऊल

(हीरकमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



१८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एका शाळकरी मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. मुलीचे नाव मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी चालविलेल्या शाळेची ती विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचीही मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने विचारला. बाळंतपणातही ज्यांच्या डोक्यावर छप्पर नसते त्या स्त्रियांचे हाल तिने मांडले. शाळेत जाऊन तिला अवघी काही वर्षे झाली होती. हाती आलेल्या अक्षरांचा पहिला मोठा उपयोग तिने आपल्या समाजाची कैफियत मांडण्यासाठी केला.

विद्यार्थी आणि समाजकार्य हा विषय निघाला की डोळ्यांसमोर झाडू, कुदळ आणि रोपे येतात. मुक्ता साळवे यांच्या हाती यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्या हाती होती लेखणी आणि स्वतः पाहिलेले सत्य. समाजकार्याच्या या दोन वाटा आहेत. एक सेवेची, दुसरी लोकांच्या वतीने दाद मागण्याची. मराठी शाळांनी पहिली वाट मनापासून जोपासली. साने गुरुजींच्या संस्कारात वाढलेले राष्ट्र सेवा दल असो, बाबा आमटे यांनी सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असो, १९६९ साली देशभर सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना असो, श्रमाची लाज नाहीशी करण्याचे मोठे काम या उपक्रमांनी केले. परंतु केवळ श्रमदानावर थांबणाऱ्या विद्यार्थ्याचे शिक्षण अर्धेच राहते.

याचे उदाहरण बेंगळूरमध्ये रोज दिसते. रविवारी सकाळी मुलांचा गट तलावाच्या काठी जमतो, पोती भरून कचरा उचलतो, छायाचित्र निघते, प्रमाणपत्र मिळते. पुढच्या रविवारी तोच काठ तितकाच घाण असतो. हा कचरा येतो कोठून, सांडपाण्याचा नाला तलावात कोणी सोडला, तो बंद करण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न ज्या दिवशी मुलाच्या मनात येतात त्या दिवशी श्रमदानाचे रूपांतर नागरिकत्वात होते.

तलावांचा प्रश्न या शहराच्या जिवाशी निगडित आहे. बेंगळूरला नदीकाठ नाही. पूर्वजांनी एकाला एक जोडलेले तलाव बांधून ती उणीव भरून काढली होती. आज धर्मांबुधी तलावाच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे आणि संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण. शहराची तहान भागविण्यासाठी कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर दुरून, उंच चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागल्या तेव्हा बुजविलेल्या तलावांची किंमत घराघरांत कळली.

मात्र याच शहरात जे. पी. नगर भागातील पुट्टेनहळ्ळी तलाव जगला. परिसरातील रहिवासी एकत्र आले, २०१० साली त्यांनी न्यास स्थापन केला आणि महानगरपालिकेशी रीतसर करार करून तलावाची देखभाल अंगावर घेतली. त्यांनी गाळ, पाणी, झाडे आणि पक्षी यांच्या नोंदी ठेवल्या, अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजविले आणि तलावाला पाणी कोठून मिळेल याचा शोध घेतला. एका दिवसाच्या उत्साहाने तलाव जगत नाही, वर्षानुवर्षांच्या चिकाटीने जगतो. या चिकाटीचे बाळकडू शाळेतच मिळायला हवे.

कचऱ्याची कथा याहून बोलकी आहे. बेंगळूरचा कचरा वर्षानुवर्षे मावळ्ळीपुरा आणि मंडूर या गावांच्या माथी टाकला जात होता. तेथील विहिरी नासल्या, माणसे आजारी पडली. ग्रामस्थांनी विरोध केला तेव्हा २०१२ साली मावळ्ळीपुऱ्यात आणि २०१४ च्या अखेरीस मंडूरमध्ये कचरा टाकणे थांबले. पुढे, २०१५ च्या डिसेंबरात, उच्च न्यायालयाच्या आदेशाने 'दोन डबे, एक पिशवी' ही पद्धत आली : ओल्या कचऱ्याला हिरवा डबा, टाकाऊ व आरोग्यविषयक कचऱ्याला लाल डबा आणि सुक्या कचऱ्याला पिशवी. नियम न्यायालयाने घातला खरा, पण स्वयंपाकघरात तो पाळला जातो की नाही हे पाहणारा उत्तम पहारेकरी म्हणजे घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगी. आजीने चुकून केळीची साल पिशवीत टाकली तर 'आजी, ती हिरव्यात!' असे सांगणारे नातवंड म्हणजे या शहराचा लहानसा कार्यकर्ताच होय. त्याला एवढेही कळले पाहिजे की आपण वेगळा न केलेला कचरा पुढे कचरावेचक बायका उघड्या हातांनी वेगळा करतात.

मग विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी? कामाच्या चार पायऱ्या सांगता येतील. पहिली पायरी पाहण्याची. शाळेपासून घरापर्यंतचा एकच रस्ता निवडावा आणि पदपथ कोठे तुटला आहे, दिवा कोठे बंद आहे, चाकाच्या खुर्चीवरील माणूस कोठे अडेल, हे टिपावे. दुसरी पायरी मोजण्याची. 'खूप खड्डे आहेत' या वाक्याला कार्यालयात कोणी विचारत नाही; 'शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत सतरा खड्डे आहेत' या वाक्याला उत्तर द्यावे लागते. तिसरी पायरी विचारण्याची. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार दहा रुपये शुल्क भरून नागरिकाला माहिती मागता येते आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. कर्नाटकाच्या नियमांनुसार हा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहायचा असतो. भाषेच्या तासाला याहून चांगला निबंधाचा विषय कोणता? लखनऊच्या एका दहा वर्षांच्या शाळकरी मुलीने २०१२ साली अशाच अर्जाद्वारे गांधीजींना 'राष्ट्रपिता' ही पदवी कोणत्या आदेशाने दिली गेली, असे विचारले आणि दिल्लीतील कार्यालये कागद धुंडाळू लागली. चौथी पायरी पाठपुराव्याची, आणि ती सर्वांत अवघड. अर्ज देणे सोपे. तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, तितक्याच सौजन्याने, पुन्हा उभे राहणे कठीण.

मुलांचे म्हणणे ऐकण्याची रीत कर्नाटकाला नवी नाही. येथील ग्रामपंचायतींत 'मक्कळ ग्रामसभा', म्हणजे मुलांच्या ग्रामसभा, भरविण्याचा दंडक आहे. शाळेचा रस्ता, पिण्याचे पाणी, शौचालय यांविषयी मुले तेथे पंचायतीला प्रश्न विचारतात. खेड्यातील मुलाला जे व्यासपीठ आहे ते शहरातील मुलाला आपल्या वॉर्डात का असू नये, हा प्रश्न या शाळेच्या विद्यार्थ्यांनी जरूर विचारावा.

येथे भाषेचा मुद्दा येतो. १६३८ नंतर बेंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. म्हणजे या मातीशी मराठीची ओळख जुनी आहे. परंतु जुनी ओळख हा काही आजच्या आपलेपणाचा दाखला नव्हे. २०१६ च्या ऑक्टोबरात पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध हजारो नागरिकांनी मानवी साखळी केली. बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ या पुलासाठी आठशेहून अधिक झाडे तोडली जाणार होती. त्या साखळीत नाना भाषा बोलणारी माणसे होती. घोषणेतला निर्णायक शब्द मात्र कन्नड होता : 'बेडा', म्हणजे 'नको'. २०१७ च्या मार्चमध्ये तो प्रकल्प रद्द झाला. मराठी शाळेतील मुलाने मराठीत विचार करावा, मराठीत नोंदी लिहाव्या, आणि वॉर्ड कार्यालयात, कचरावेचक मावशींशी, तलावाच्या राखणदाराशी स्वच्छ कन्नडमध्ये बोलावे. ज्या गावचे पाणी प्यायचे त्या गावच्या भाषेत त्या पाण्यासाठी भांडता आले पाहिजे. यात मराठीचे काही उणे होत नाही. उलट मराठी माणसाची पत वाढते.

पालकांच्या मनातील काळजी रास्त आहे. अभ्यासाचे काय, मूल राजकारणात तर ओढले जाणार नाही ना, त्याच्या सुरक्षिततेचे काय? यासाठी काही पथ्ये पाळावी. शिक्षक किंवा पालक सोबत असल्याशिवाय मुलांनी बाहेरच्या कामावर जाऊ नये. नाल्यात किंवा घातक कचऱ्यात मुलांना उतरवू नये. कोणत्याही पक्षाचा झेंडा त्यांच्या हाती देऊ नये. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांची छायाचित्रे त्यांच्या अनुमतीवाचून काढू नयेत. आणि आठवड्याचे दोन तास पुरेत. मात्र ते वर्षभर टिकावेत. प्रमाणपत्रासाठी केलेले शंभर तास परीक्षेबरोबर संपतात, जिव्हाळ्याने दिलेले दोन तास आयुष्यभर पुरतात.

माजी विद्यार्थ्यांकडून शाळेची अपेक्षा केवळ देणगीची नाही. त्यांच्यात वकील आहेत, अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, सरकारी सेवेतून निवृत्त झालेले आहेत. अर्ज कसा लिहावा, नकाशा कसा वाचावा, पाण्याचा नमुना कसा तपासावा, हे त्यांनी महिन्यातून एका शनिवारी मुलांना शिकवावे. हीरकमहोत्सवाची याहून टिकाऊ भेट दुसरी नाही.

साठ वर्षांत या शाळेने असंख्य मुलांना लिहायला शिकविले. लिहिता येऊ लागल्यावर काय लिहावे, याचे उत्तर पुण्यातील एका मुलीने १८५५ सालीच देऊन ठेवले आहे. यापुढच्या वर्षांत या शाळेच्या वह्यांत शुद्धलेखनाच्या जोडीला एखाद्या रस्त्याची, एखाद्या तलावाची, एखाद्या शेजाऱ्याच्या अडचणीची नोंद सापडावी आणि त्या नोंदीखाली 'काम झाले' असे शब्द मुलांच्याच हस्ताक्षरात उमटावेत, हीच सदिच्छा.