साठ पत्ते
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी "छंदावर दहा मिनिटं बोल" असं सांगितलं. मी म्हटलं, पत्त्यांवर बोलतो. तर आपल्यातल्याच एकाने फोनवर विचारलं, "काऊन बे, देऊळगाव राजाला येऊन पत्त्यावर भाषण?" त्याचं नाव घेत नाही. तो आत्ता तिसऱ्या रांगेत हसतो आहे.

तुम्हाला डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रंप कार्ड आठवत असतील. बालाजीच्या यात्रेत घेतलेले, शर्टाच्या खिशात ठेवून ठेवून कोपरे गोल झालेले. उंची काढायची तर जायंट गोन्झालेस, वजन काढायचं तर योकोझुना. नववीत गणिताच्या तासाला मागच्या बाकावर आमचा डाव रंगला होता आणि सरांनी माझे पत्ते जप्त केले. मी समजलो, गेले. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी सरांनी मला बोलावून रबर लावलेला गठ्ठा हातात दिला. म्हणाले, "27 आहेत, मोजून घे." सर आज इथे बसले आहेत. त्यांना ते आठवत असेल की नाही, माहीत नाही.

हे सांगायचं कारण, पुढे माझ्या हातून याच्या नेमकं उलटं झालं. 2021 मध्ये मुलाचे गुण घसरले. शाळा मोबाइलवर, मी घरून कामावर, सगळ्यांचीच डोकी तापलेली. त्याच्याकडे मॅजिक : द गॅदरिंग नावाच्या खेळाच्या पत्त्यांचा एक डबा होता. मी रागाच्या भरात तो रद्दीवाल्याला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या त्या रद्दीवाल्याकडे गेलो, तोवर माल पुढे गेला होता. पोरगा ओरडला नाही, रडलाही नाही. फक्त माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. हे वर्षभर चाललं.

2022 मध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली. घरी पडून होतो. एका दुपारी त्याला म्हटलं, तो तुझा खेळ मला शिकव. तो म्हणाला, "पत्ते कुठे आहेत?" बरोबरच होतं. मग त्याने वही काढली आणि आपल्या जुन्या डेकमधले साठच्या साठ पत्ते आठवून लिहिले, मजकुरासकट. पाठांतर येत नाही म्हणून मी ज्याला बोललो होतो, तोच हा मुलगा.

आपल्याला माहीत असलेल्या खेळांत पत्त्यांची जुडी ठरलेली असते. बावन्न पानांची, किंवा सावंतवाडीची दशावतारी गंजिफा असेल तर एकशेवीस पानांची. इथे हजारो पत्त्यांमधून आपली जुडी आपणच बांधायची : किमान 60 पत्ते, आणि साधे लँड सोडले तर एका नावाचे जास्तीत जास्त चार. लँड म्हणजे जमीन. जमिनीशिवाय काही पिकत नाही, हे कापूसवाल्या गावच्या माणसाला समजावून सांगायला नको. प्रत्येकाला सुरुवातीला 20 लाइफ. ते शून्यावर आलं की हरलात. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने केलेला हा खेळ 1993 मध्ये बाजारात आला, म्हणजे आपण इथे योकोझुना खेळत होतो तेव्हा!

नुकताच दवाखान्यातून आलेला माणूस काय निवडणार? मी लाइफ वाढवणारे पत्ते निवडले. पहिल्या संचात एकाच मानाच्या, म्हणजे एका जमिनीच्या खर्चात येणारे, आणि प्रत्येकी तीन काहीतरी देणारे पाच पत्ते होते. लायटनिंग बोल्ट समोरच्याचं तीनाने नुकसान करतो, हीलिंग सॅल्व्ह आपलं लाइफ तीनाने वाढवतो, अँसेस्ट्रल रिकॉल तीन पत्ते ओढू देतो. कागदावर समसमान. प्रत्यक्षात रिकॉल इतका भारी निघाला की बहुतेक ठिकाणी त्याला बंदी आहे, आणि सॅल्व्हला कोणी विचारत नाही. मी मात्र सॅल्व्ह आणि त्याचे भाऊबंद भरून ठेवले. मुलाच्या लाल डेकने मला सहज हरवलं. त्याचा बोल्ट आणि माझा सॅल्व्ह फिटंफाट होत होते, पण टेबलावर बसलेले त्याचे जीव दर पाळीला चावत होते आणि माझ्याकडे चावणारं कोणीच नव्हतं. मी हरत नव्हतो, फक्त हरायला वेळ लावत होतो.

मग त्याने मला जीवांचा डेक शिकवला. क्रीचरला आम्ही घरात जीवच म्हणतो. सोल वॉर्डन हा एका मानाचा किरकोळ जीव. दुसरा कोणताही जीव टेबलावर आला की आपल्याला एक लाइफ, समोरच्याने आणला तरी! सोल्स अटेंडंट ही तिची बहीणच. आणि अजानीज प्राइडमेट : तुम्हाला लाइफ मिळालं की हा कायमचा एकाने मोठा होतो. यातली गंमत मला उशिरा कळली. किती लाइफ मिळालं हे तो बघत नाही, किती वेळा मिळालं हे बघतो. एकदम दहा मिळाले तरी तो एकानेच वाढतो. एकेक करून दहा वेळा मिळाले तर दहाने. दोघी बहिणी बसलेल्या असतील तर प्रत्येक नव्या जिवामागे तो दोनदा वाढतो. शिवाय सेरा असेंडंट : एरवी 1/1, पण आपलं लाइफ 30 झालं की 6/6 आणि वर उडतो.

सर, इथे तुमचे अपूर्णांक कामी आले. वॉर्डनचे चार पत्ते असताना पहिल्या सात पत्त्यांत एकही न येण्याची शक्यता किती? 56/60 गुणिले 55/59, असे सात अपूर्णांक. उत्तर सुमारे 0.60. म्हणजे निदान एक येण्याची शक्यता 40 टक्केच. चार अटेंडंट जोडल्या, एकूण आठ, की दोघींपैकी एक तरी येण्याची शक्यता 65 टक्क्यांवर जाते. मी हे कागदावर केलं. पोराने मोबाइलवर ताळा केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे जरा बरं पाहिलं.

डेक अजिंक्य नाही. एकदा माझं लाइफ 37 होतं, प्राइडमेट हत्तीएवढा झाला होता. मुलाने राथ ऑफ गॉड टाकला. चार मानांत टेबलावरचे सगळे जीव साफ. 37 लाइफ घेऊन मी रिकाम्या टेबलाशी बसून राहिलो आणि सात-आठ पाळ्यांत हरलो. तेव्हापासून दोन जीव हातात राखून ठेवतो. ते टाकायचा मोह होतो, ती गोष्ट वेगळी.

पत्त्यांचं म्हणाल तर काही विकत आणले, काही त्याच्या मित्रांनी दिले. तरी कमी पडले. घरच्या घरी खेळताना कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून, मागे एखादा जाड पत्ता घालून काळ्या प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला तरी चालतं. जाड पत्ते कुठून आणायचे? आईला इथे फोन केला. तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. रबर तुटून चिकटलं होतं, पण 27 होते.

म्हणून आमच्या डेकमध्ये समोरून सोल्स अटेंडंट आणि चिठ्ठीच्या मागे योकोझुना असा प्रकार आहे. तो डेक आज माझ्या पिशवीत आहे. मुलाने स्वतःहून दिला, "तुमच्या मित्रांना दाखवा" म्हणून. अट एकच घातली, जसाच्या तसा परत आणायचा.

जेवणानंतर आपल्या दहावीच्या वर्गात डाव मांडतो, ज्याला यायचं त्याने या. साठ आहेत. सर, आधी तुम्ही मोजून घ्या, मग पिसतो.