सौदा आपल्या मालाचा, बोली दुसऱ्याची
(जालना जिल्ह्यातील बैठकीसाठीच्या भाषणाचा मजकूर)



कापसाची गाडी जिनिंगवर लागली की आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. काटा बरोबर आहे का, ओलावा किती धरला, कट्टी किती मारली, तोलाई-हमाली किती कापली, सगळे बघतो. पाच-पन्नास रुपयांसाठी भांडतो आणि भांडलेच पाहिजे. पण क्विंटलमागे शेकड्याने रुपये जिथे कापले जातात, तो काटा ना जालन्यात आहे ना परतूरला. तो दिल्लीत आहे, आणि तिथे आपले कोणी उभे नसते. आज बोलायचे आहे ते त्या काट्याबद्दल.

जवळचेच बघा. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ते बसवले: ५ टक्के मूळ शुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधांचा अधिभार आणि त्या दोन्हींवर समाजकल्याणाचा १ टक्का. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावायचे ठरवले. कापडवाल्यांची अडचण झाली हे खरे आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण त्यावर उपाय काय काढला? १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे शुल्क शून्य. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती. दहा दिवसही झाले नाहीत तोच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आपल्या वेचणीचे दिवस. अंबड, घनसावंगीच्या माणसाने जूनमध्ये सरकी टोबली तेव्हा ११ टक्क्यांचा बांध होता. बोंड फुटले तेव्हा बांध फोडलेला होता. अमेरिकेने मारलेला फटका आपल्या पाठीवर उतरवला आणि आपल्याला एका शब्दाने विचारले नाही.

कोणी म्हणेल, हमीभाव होताच की. होता. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. पण हमीभावाच्या केंद्रावर नंबर लागेपर्यंत ज्याला थांबता येते त्याच्यासाठी तो भाव. ज्याला सावकाराचे देणे आणि दिवाळी एकाच आठवड्यात उरकायची असते, तो बाजारात विकतो.

आता उलटा प्रकार बघा. एप्रिल २०१० मध्ये कापसाला भाव चढू लागला, तर टनामागे २,५०० रुपये निर्यात कर लावला आणि दहा दिवसांनी निर्यातीची नोंदणीच थांबवली. पुढच्या हंगामात ५५ लाख गाठींची मर्यादा घातली. मार्च २०११ मध्ये जगाच्या बाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. तसा भाव त्याआधी कधी झाला नव्हता. त्या भावाकडे आपण कुंपणाच्या आतून बघत बसलो. ५ मार्च २०१२ ला तर एका अधिसूचनेने निर्यात बंदच केली. त्या वेळी देशाचे कृषिमंत्री कोण होते? शरद पवार. त्यांनी जाहीर सांगितले की हा निर्णय आपल्याला अंधारात ठेवून झाला. कृषिमंत्र्याला जे कळत नाही, ते जाफराबादच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कसे कळणार? ओरड झाली, आठवडाभरात बंदी सैल करावी लागली, पण पूर्ण मोकळीक मिळेपर्यंत एप्रिल सरला. तोवर गरजवंताचा कापूस विकून झाला होता.

भाव चढला की बाहेर जायचे दार बंद, भाव पडला की आत यायचे दार उघडे. आपण काही भिंत मागत नाही. बाजार मोकळा ठेवा म्हणणारे शेतकरी आपल्यात आहेत, परदेशी माल अडवा म्हणणारेही आहेत. १९९० नंतरच्या काळात डंकेल प्रस्तावावरून शेतकऱ्यांच्या चळवळीत उभी फूट पडली होती. शरद जोशी बाजूने बोलत होते, कर्नाटकात नंजुंडस्वामी विरोधात. दोन्हीकडे लाखोंचे मेळावे झाले. पण एप्रिल १९९४ मध्ये माराकेशला सही झाली तेव्हा ना याला विचारले ना त्याला. आज आमचे म्हणणे एवढेच आहे की मोकळे ठेवायचे असेल तर दोन्ही दारे मोकळी ठेवा, आणि काय करणार ते पेरणीच्या आधी सांगा.

हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती हा राज्यांचा विषय आहे. परदेशांशी करार करणे हा केंद्राचा. करारावर सही करायला केंद्राला संसदेची परवानगी लागत नाही. मंत्रिमंडळाने ठरवले की झाले. कराराप्रमाणे देशातला कायदा बदलायचा असेल तेवढ्यापुरते संसदेत यावे लागते. म्हणजे शेती राज्याची, शेतीचा सौदा केंद्राचा. त्यात पुन्हा किल्ल्या वाटलेल्या. निर्यातीची किल्ली वाणिज्य मंत्रालयाकडे, शुल्काची अर्थ मंत्रालयाकडे, गिरण्यांचे दुखणे बघायला वस्त्रोद्योग मंत्रालय वेगळे. कृषी मंत्रालयाच्या हातात एकही किल्ली नाही.

न विचारता केलेल्या सौद्यात किती मोठी भोके राहतात, त्याचा दाखला ज्वारीचा आहे. तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. गॅटच्या पूर्वीच्या फेऱ्यांत आपल्या देशाने ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, दूध भुकटी यांवरचे आयात शुल्क शून्याला बांधून दिले होते. बांधून दिले म्हणजे त्यापेक्षा जास्त लावणार नाही असा शब्द दिला. तेव्हा आयातीवर संख्येची बंधने होती, परवान्याशिवाय पोते आत येत नव्हते, म्हणून त्या शून्याची कोणाला झळ लागली नाही. १९९४ ला माराकेशच्या करारातही ते शून्य तसेच राहिले. पुढे अमेरिकेने आपल्या संख्यात्मक बंधनांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९९ मध्ये आपण ती हरलो आणि १ एप्रिल २००१ पर्यंत सगळी बंधने उठवावी लागली. कुंपण निघणार म्हटल्यावर भोक दिसले. मग डिसेंबर १९९९ मध्ये पुन्हा वाटाघाटी करून ज्वारीसह या पिकांचे बांधील दर वाढवून घेतले. फुकट नाही, बदल्यात दुसऱ्या मालावर सवलती द्याव्या लागल्या. सोयाबीन तेलाचा दर ४५ टक्क्यांना बांधलेला आहे, पामतेलाचा ३०० टक्क्यांना. आता मराठवाड्यात सोयाबीन किती पिकते ते बघा आणि ४५ चा आकडा लिहून देताना कोणाला विचारले होते ते सांगा.

फेब्रुवारी २०२६ मध्ये अमेरिकेशी अंतरिम कराराचे जे संयुक्त निवेदन निघाले, त्यात सवलतीच्या यादीत पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी होती, मक्यापासून निघणारी सुकी पेंड होती आणि सोयाबीन तेल होते. आपल्याला हे निवेदन निघाल्यावर वर्तमानपत्रातून कळले. कोणी म्हणेल, लाल ज्वारी जनावराला, मालदांडी आपल्या भाकरीला, तिचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. परतीच्या पावसाने काळी पडलेली खरीप ज्वारी कुठे जाते? खाद्यालाच. भोकरदन-जाफराबादचा मका कुठे जातो? कोंबडीखाद्याच्या कारखान्यात. बाहेरून स्वस्त पेंड आली तर सोयाबीनच्या ढेपेचे गिऱ्हाईक कमी होते आणि ढेप पडली की सोयाबीन पडते. हा हिशेब सही करण्याआधी जिल्हावार मांडायला हवा होता.

साहेब लोक सांगतात, वाटाघाटी गुप्तच ठेवाव्या लागतात, हातातली पाने दाखवून डाव जिंकता येत नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करणाऱ्याला हे शिकवायची गरज नाही. पण रुमालाखाली हात घालण्याआधी कोणता बैल विकायचा हे घरात ठरलेले असते. अमेरिकेत १९७४ च्या व्यापार कायद्याने सल्लागार समित्या आहेत. तंबाखू, कापूस आणि शेंगदाणा यांची एक वेगळी समिती आहे. तिथला कापूसवाला वाटाघाटी चालू असतानाच आपले म्हणणे मांडतो, आणि त्याने त्यांचे गुपित फुटत नाही. श्रीमंत देशाचे सोडा. ब्राझील आपल्यासारखाच. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली. वकिलांच्या खर्चाला तिथल्या कापूस उत्पादकांच्या संघटनेने हात लावला. सरकार आणि शेतकरी एका बाजूने लढले, खटला जिंकला, आणि २०१४ च्या तडजोडीत अमेरिकेने ३० कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस संस्थेला दिले. त्या खटल्यात भारत होता, पण त्रयस्थ पक्ष म्हणून.

आपल्याकडे विचारून केले तर बरे होते, याचाही पुरावा आहे. बियाण्याच्या हक्कांचा कायदा संसदेच्या संयुक्त समितीपुढे गेला, लोकांचे ऐकले गेले, आणि २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, छाप न लावता विकण्याचा हक्क लिहिला गेला. बियाण्याच्या कंपन्यांचे गाव असलेल्या जालन्यात या कलमाची किंमत वेगळी सांगायला नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये आशियातल्या मोठ्या व्यापार करारातून देश बाहेर पडला, त्यातही दूध उत्पादकांच्या ओरडीचा वाटा होता.

मग मागायचे काय? २ जानेवारी २०२५ ला वाणिज्य मंत्रालयाने विदेश व्यापार धोरणात दोन कलमे घातली: बदल करण्याआधी संबंधितांचे म्हणणे घेऊ. चांगले झाले. पण सरकारला वाटेल तेव्हा न विचारता निर्णय घेण्याची वाटही त्यातच ठेवली आहे. शिवाय ऑगस्टचा शुल्कमाफीचा निर्णय अर्थ मंत्रालयाच्या दारातून आला, तिथे ही कलमे पोचतच नाहीत. म्हणून पहिली मागणी ही की कापूस, सोयाबीन, मका, ज्वारी यांचे आयात-निर्यातीचे धोरण मे अखेर जाहीर व्हावे आणि विक्री हंगाम संपेपर्यंत कोणत्याही मंत्रालयाने त्याला हात लावू नये. लावावाच लागला तर शेतकऱ्याचे होणारे नुकसान तिजोरीतून भरावे. गिरणीला मदत करायची असेल तर तीही तिजोरीतून करा, आमच्या गाठोड्यातून नको. दुसरी अशी की शेतमाल असलेला प्रत्येक करार सहीपूर्वी संसदेच्या वाणिज्य समितीपुढे यावा आणि समितीने पीक पिकवणाऱ्या जिल्ह्यांत येऊन ऐकावे. दिल्लीच्या व्यापार मंडळात राज्यांना जागा आहे. महाराष्ट्राच्या खुर्चीवरून कापसाबद्दल काय बोलले गेले, ते विधानसभेत सांगितले पाहिजे, ही तिसरी.

खरीपापूर्वी पालकमंत्र्यांची जिल्हा आढावा बैठक होते. बियाणे, खते, पीककर्ज यांवर बोलून ती उठते. या वेळी निर्यात-आयात हा विषय त्या बैठकीच्या पत्रिकेवर घालायला लावायचा आहे. ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा या अंकासोबत नाही, मुद्दामच नाही. छापील ठरावावर नुसते अंगठे पडतात. आपल्या गावातल्या पाच जणांनी गेल्या हंगामात कापूस कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने विकला ते पावतीसह ठरावात लिहा. एक प्रत तहसीलदाराला द्या, एक खासदाराला, आणि एक पुढच्या बैठकीला घेऊन या.