थोरलीचा अंगठा

आमच्या घरात एक वाक्य तीन पिढ्या चालत आलं होतं : "थोरलीनं अंगठा दिला अन् मळा गेला." थोरली म्हणजे माझी पणजी. नवरा वारल्यावर सावकाराच्या कागदावर तिनं न विचारता अंगठा उठवला आणि विहिरीचा मळा हातचा गेला, असं सगळे सांगत. पुढे माझ्या आत्यापुढे हक्कसोडपत्र आलं. सही करण्याआधी तिनं दोन प्रश्न विचारले, तर तिलाही हेच ऐकवण्यात आलं. बाईच्या हाती कागद नको, याचा आमच्याकडचा दाखला म्हणजे थोरली.

निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, तो कागद एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायचा.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. मुंबई इलाख्यातली नव्या पद्धतीची जमीन मोजणी १८३५ साली याच तालुक्यात सुरू झाली. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर, या दोघांनी ती बसवली. त्याआधी प्रिंगलनं केलेली आकारणी रयतेला झेपली नव्हती. आता तेहतीस फुटांच्या साखळीनं शेतं मोजली गेली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, तीस वर्षांसाठी सारा ठरला. सरकारला सारा कुणाकडून घ्यायचा एवढंच हवं होतं. त्या निमित्तानं तुमच्या-आमच्या खापरपणजोबांची नावं कागदावर आली.

मात्र घरातल्या घडामोडी कळतात त्या फेरफारावरून. १९०३ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. खरेदी, गहाण, वारसा, वाटणी, काहीही झालं की त्याची क्रमवार नोंद होऊ लागली. आजच्या सातबाऱ्यावर नावांजवळ जे आकडे दिसतात, ते या फेरफारांचे नंबर. मी ते वहीत उतरवून घेतले आणि एकेकाची नक्कल मागत मागे गेले.

वाटेत दोन अडचणी आल्या. जमीन एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखालची योजना गावात आली तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले होते. कुठला गट पूर्वीचा कुठला नंबर, हे एकत्रीकरणाच्या पत्रकावरून जुळवावं लागलं. दुसरी अडचण मोडीची. जुन्या नोंदी मला वाचता येईनात. एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी शेजारी बसून त्या वाचून दिल्या. नावापुढची अक्षरंही त्यांनीच उलगडली. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं असलं तरी त्यामागे बाकीचे भाऊ असू शकतात. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान मुलाचं पालन करणारा किंवा करणारी.

आणि मग त्या दोन नोंदी सापडल्या. पहिली १९१४ ची. विहिरीचा मळा पणजोबांनी स्वतः पाच वर्षांच्या मुदत खरेदीनं सावकाराला लिहून दिला होता. मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, नाही तर गेली. दुसरी नोंद १९१९ ची. आदल्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली होती, आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत. तीत पणजोबा गेले. नोंदीत उरलेल्या माळाच्या शेताला वारस म्हणून सात वर्षांचा मुलगा लागला होता, म्हणजे माझे आजोबा. 'अ. पा. क. आई' असं लिहून पुढे थोरलीचं नाव होतं. खाली निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

अंगठा खरा होता. पण तो मळ्याच्या कागदावर नव्हताच. मळा नवऱ्यानं आधीच लिहून दिला होता. ती विधवा झाली त्याच सुमारास मुदत सरली आणि दोन्ही गोष्टी लोकांच्या तोंडी एक झाल्या. तिनं अंगठा दिला तो मुलाचं नाव शेताला लावण्यासाठी. त्याच माळावर आमची पुढची पिढी वाढली.

श्रोतेहो, या दप्तराला सगळं ठाऊक नसतं. ज्यांना जमीनच नव्हती, त्यांची नावं त्यात शोधून मिळत नाहीत. त्यांच्यासाठी गावची जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे कोतवाल बुक पाहावं लागतं. बायकांची नावं तर बहुधा घरातला पुरुष गेल्यावरच येतात. पणजोबांनी मळा का दिला, लग्नासाठी की औषधासाठी, तेही कागद सांगत नाही. म्हणून त्यांना दोष देण्याची घाई मी करणार नाही. एकाच माणसाला दोष देत बसण्याचं फळ आम्ही पाहिलं आहे.

नक्कल घेऊन मी आत्याकडे गेले. तिनं ती दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे राखायला दिलेला अंगठा होता गं तो." थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला हे तेव्हा माहीत असतं, तर मी तिसरा प्रश्न विचारला असता."

घरच्या वंशावळीत आजवर फक्त पुरुषांची नावं होती. आता पणजोबांच्या शेजारी थोरलीचं नाव लिहिलं आहे. ते वर्षानुवर्षं आम्हां कुणालाच माहीत नव्हतं. तेही त्या नोंदीतच मिळालं.